चार दिवसांसाठी गावी येता, तेव्हा मित्राच्या वाट्याला किती?

खामलेकर (धागाकर्ता)
रविवार, रात्री ११.४०

परवा महालक्ष्म्या उठल्या आणि काल माझा मित्र विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला परत गेला. दीड वर्षाने आला होता, पाच दिवस होता, आणि मला मिळाला तो नागपूर स्टेशनवर, अठरा मिनिटं. गाडी अकरा मिनिटं उशिरा लागली म्हणून अठरा. वेळेवर आली असती तर सातच.

आम्ही पाच जण. दहावी १९९५. आता दोघं बंगळूरला, एक न्यू जर्सीला, एक ठाण्याला आणि मी खामल्यात, तेव्हा होतो त्याच घरात. मागे राहिलेल्या माणसाकडे काही कामं आपोआप येतात. ठाण्याच्या मित्राची आई इथे एकटी असते. एप्रिलमध्ये काकूंच्या कूलरच्या ताट्या बदलणं, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत नेणं, भाद्रपदात महालक्ष्म्यांचं सामान माळ्यावरून उतरवणं, हे सगळं माझ्याकडे. कोणी सोपवलेलं नाही, मीही कधी नाही म्हटलेलं नाही, आणि खरं सांगतो, मोजतही नव्हतो. त्या अठरा मिनिटांनी मोजायला लावलं.

बायको म्हणते, "तुम्ही हिशोब ठेवायला लागलात." असेल. पण मला विचारायचं आहे ते हे की चार-पाच दिवसांसाठी गावी येणाऱ्या माणसाकडून मित्राने किती वेळाची अपेक्षा ठेवावी? की ठेवूच नये? बाहेर राहणाऱ्यांनीही लिहा. शिव्या चालतील.

तर्री_जास्त
अठरा मिनिटं? श्रीमंत माणूस आहात. माझ्यावाला नऊ मिनिटं भेटला, त्यात पाच मिनिटं चार्जर शोधत होता.

गच्चीवरचा
महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलाच असाल ना त्यांच्याकडे? मग भेट झाली की. तक्रार कसली?

खामलेकर
@गच्चीवरचा, चाळीस पानं होती त्या दिवशी. तो वाढत होता, मी तिसऱ्या पंगतीत. आमचं पूर्ण संभाषण देतो: "आंबील?" "थोडी." "पोळी?" "बस बस." "अर्धी तरी." याला भेट म्हणत असाल तर मग केटररही माझा जिवलग.

पुणेकर_नाइलाजाने
शिव्या चालतील म्हणालात, पण मी कबुलीजबाब देतो. तुमचा तो मित्र म्हणजे मी. ठाण्याचा नाही, पण तोच.

नागपूरला आलेल्या माणसाचे चार दिवस कसे जातात ते सांगतो. पुण्याहून रात्रभराची गाडी. पहिला दिवस आईचा. ती बोलत असते आणि मी बसल्याबसल्या झोपतो, म्हणजे तोही वाया. दुसरा दिवस सासुरवाडीचा, ती अमरावतीला, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. तिसऱ्या दिवशी गच्चीची गळती, मीटरवरचं नाव बदलणं, बाबांच्या खात्याचं केवायसी. या कामांसाठी आई सहा महिने यादी करून ठेवते, फ्रिजला चुंबकाने लावलेली. चौथा दिवस सामान बांधण्याचा. त्यात जवसाची चटणी, सांडगे, लोणचं, आणि हिवाळा असेल तर संत्र्याची पेटी. पेटी नको म्हटलं तर आई गप्प होते, आणि ते पेटीपेक्षा जड असतं.

आता यात एका मित्राला दोन तास दिले तर उरलेले चौघं विचारतात, "त्याला भेटलास, आम्हाला नाही?" म्हणून गेली तीन वर्षं मी काय करतो सांगू? नागपुरात आहे हे कोणाला कळूच देत नाही. स्टेटस नाही, फोटो नाही. मागच्या वेळी धरमपेठेत एक मित्र समोरून येताना दिसला तर मी भाजीच्या हातगाडीमागे वाकून मेथी निवडत बसलो. दोन जुड्या घ्याव्या लागल्या.

अभिमानाने सांगत नाही. पण तुम्हाला स्टेशनवर बोलावलं याचा अर्थ तो लपला नाही, एवढं त्याच्या बाजूने धरा.

तर्री_जास्त
मेथीवाला धरमपेठेतला तो माणूस तूच होता का बे!! मी आवाज दिला होता!

पुणेकर_नाइलाजाने
…

गच्चीवरचा
धागा सार्थकी लागला. आता बंद केला तरी चालेल.

आत्याबाई
मी आईच्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळे मुलगेच बोलताहेत.

माझा मुलगा हैदराबादला असतो. तो आला की संध्याकाळी सहाला मित्रांचे फोन सुरू. "आई, येतोच अर्ध्या तासात." अकरा वाजता येतो, सावजी खाऊन, आणि वर पाणी पीत बसतो रात्रभर. इकडे मी भरली वांगी करून वाट बघते आहे. दोन वर्षं सोसलं. मग मीच त्याच्या मित्रांना परस्पर फोन केला की उद्या सगळे इकडेच जेवायला या. सात जण आले. ती मुलं, म्हणजे आता बाप्ये झालेत, माझ्या ओट्याशी उभी राहून पुडाच्या वड्या तळत होती. मला आयता मुलगाही मिळाला न त्याला मित्रही मिळाले. सांबार मात्र दोन किलो निवडावा लागला, तो मीच निवडला.

मित्र आणि आई यांच्यात वाटणी करायचीच कशाला? एका पंगतीत बसवा.

कोकणातला_एकटा
एक शंका. वडीत सांबार दोन किलो? ते पातळ नाही होत?

तर्री_जास्त
आला! दर धाग्यावर एक येतोच.

आत्याबाई
अहो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुडाची वडी म्हणजेच सांबारवडी. आत परतलेला सांबार, खोबरं, खसखस. वरून बेसन-कणकेची पारी.

कोकणातला_एकटा
मग इडलीबरोबर काय मागता?

गच्चीवरचा
सांबारच. वरून सांबार घालून.

काळी_पिवळी
मूळ प्रश्नावर येतो. आम्ही नऊ जण आहोत आणि आमचा तोडगा बारा-तेरा वर्षं टिकलाय, म्हणून लिहितो.

"या वेळी भेटू" म्हणून कोणीच भेटत नाही. आमचा दिवस पंचांगाने ठरवलेला आहे: पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा, म्हणजेच मारबत. बाहेरच्या वाचकांसाठी: काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती मिरवत नेतात, सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आलाय त्याचे पुतळे. शेवटी सगळं जाळतात. १८८०च्या दशकापासून चालू आहे. गर्दीत ओरडायचं असतं, "ईडापीडा घेऊन जा गे मारबत!"

हाच दिवस का, तर मारबत असते भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला आणि गणपती चतुर्थीला. म्हणजे मारबतीला आलेला माणूस घरचे गणपती बसवूनच परत जातो, वेगळी रजा नाही लागत. आणि बायका-मुलं त्या दिवशी लाकडी बैलांच्या मागे असतात, त्यामुळे सकाळी तीन तास कोणाला आपली आठवण येत नाही.

आम्ही इतवारीत एका ठरलेल्या पोहेवाल्याकडे सकाळी भेटतो. तर्री-पोहे, मग गर्दीत घुसायचं. प्रत्येकाने आपापली पीडा ओरडायची. एकाने "बॉसला घेऊन जा गे मारबत" म्हटलं, दुसऱ्याने "होमलोन घेऊन जा." एका वर्षी आमच्यातला एक जण काहीच ओरडला नाही. नुसता उभा. नंतर चहा पिताना कळलं की घटस्फोटाची केस चालू आहे, आम्हाला कोणाला पत्ता नव्हता. तो फोनवर कधीच बोलला नसता. कोरोनात आम्ही व्हिडिओ कॉलवर ओरडलो. शेजाऱ्यांनी दार वाजवलं.

नऊच्या नऊ जण कधीच जमत नाहीत. यंदा चार होतो. न येणाऱ्याला कोणी विचारत नाही का आला नाहीस, हा एकच नियम.

खामलेकर
@काळी_पिवळी, हे चांगलं आहे, पण आमचे पाच जण पाच कॅलेंडरवर चालतात. न्यू जर्सीवाल्याला पोळा कधी असतो ते मीच सांगतो.

@आत्याबाई, काकूंना सत्तरीनंतर सात जणांच्या वड्या तळायला लावू का?

आत्याबाई
तळणार ते. त्या खुर्चीवर बसून चुका काढतील. आम्हाला तेच आवडतं.

समृद्धीवाला
ज्यांना वेळ नाही त्यांनी समृद्धी घ्या. मुंबई ते नागपूर ७०१ किमी, २०२५च्या जूनपासून पूर्ण सुरू. आठ-नऊ तासांत दारात. पहाटे निघा, दुपारी नागपुरात.

तर्री_जास्त
पूर्वी माझ्यावाला म्हणायचा, "बावा, रस्ताच खराब आहे, कसा येऊ?" आता म्हणते, "बावा, रस्ता इतका सरळ आहे की झोप येते."

लेक_नागपूरची
पाच मित्र, अठरा मिनिटं, कूलरच्या ताट्या. सगळं वाचलं. खामलेकर, एक विचारू? तुमच्या बायकोच्या मैत्रिणी कुठे असतात, माहीत आहे?

रागावू नका. पण या धाग्यावर इतके प्रतिसाद झाले आणि सगळ्यांच्या बायका एक तर तान्ह्या पोळ्याला मुलांना घेऊन गेल्यात किंवा सासुरवाडी या नावाने दोन दिवस खाताहेत. माझं माहेर प्रतापनगर, सासर नाशिक. माहेरी चार दिवस मिळतात. बाहेर निघाले की आई म्हणते, "आत्ता तर आलीस, कुठे चाललीस?" बायकांना स्टेशनवरची अठरा मिनिटंसुद्धा नसतात, कारण स्टेशनवर सोडायला अख्खं घर आलेलं असतं.

माझी शाळेतली मैत्रीण नंदनवनला. माहेरपासून असेल आठ-नऊ किलोमीटर. अकरा वर्षांत प्रत्यक्ष भेटलेलो नाही. पण दर गुरुवारी संध्याकाळी मी कणीक मळते तेव्हा फोन स्पीकरवर असतो. ती तिकडे तिचा स्वयंपाक करते. बरंचसं काही बोलतही नाही. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते. परवा म्हटलं, "तीन झाल्या गं, बंद कर." नाशिकहून. तिच्या घरात कोणाच्या लक्षात नव्हतं.

गच्चीवरचा
शांतता पसरली.

खामलेकर
@लेक_नागपूरची, रागावलो होतो. म्हणून दोन दिवस लिहिलं नाही.

मग विचारलं. म्हणाली, "वर्ध्याला. का?" आमच्या लग्नात होती म्हणे, मला चेहराही आठवला नाही. शेवटची भेट २०१८. वर्धा इथून पंचाहत्तर किलोमीटर. मी म्हटलं, मग कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही काकूंच्या कामात होता." टोमणा नव्हता, हेच वाईट.

उमरेडकर
धागा उशिरा वाचला. मी वयाने तुमच्यापेक्षा मोठा, त्यामुळे जुनं सांगतो.

इतवारीहून नागभीडला नॅरोगेज होती. आम्ही छोटी गाडी म्हणायचो. २०१९ला बंद झाली, ब्रॉडगेज करायला. मी कॉलेजला असताना उमरेडहून तिने यायचो. बसने तास-सव्वा तास लागायचा, छोट्या गाडीला दोन-अडीच तास. वळणावर खाली उतरून चालत राहिलं तरी पुन्हा चढता येतं, असं लोक म्हणायचे. आम्ही करून पाहिलं, येतं. माझा मित्र भिवापूरचा, तो आधीच बसलेला असायचा, मिरचीच्या पोत्यावर. शिंका देत देत इतवारी.

सांगायचं ते हे की आम्ही कधी "भेटलो" नाही. कॉलेजात वर्ग वेगळे, मित्र वेगळे. त्या गाडीतच काय ते. बस लवकर पोहोचायची, पण दोघांनीही कधी बसचं नाव काढलं नाही. नोकरी लागल्यावर मी नागपुरात घर केलं, गाडी सुटली, आणि मग आम्ही हॉटेलात वगैरे भेटून पाहिलं. समोरासमोर बसलं की काही सुचत नाही हो. बाजूबाजूला बसून खिडकीबाहेर बघत असलो की सुचायचं.

खामलेकर
उमरेडकर काका, वाचून एक आलं डोक्यात. स्टेशनवर उभं राहायच्या ऐवजी गाडीतच चढलं तर? विदर्भ इथून निघाली की वर्ध्याला थांबते. तेवढं सोबत जायचं न परत यायचं.

रेल्वेबाबू
आयडिया चांगली, पण नियम ऐका, नाहीतर मैत्री महागात पडेल. विदर्भ सुपरफास्ट आहे, म्हणून जनरलचं तिकीट सुपरफास्टचं काढा. मोबाइलवरही निघतं. जनरलच्या तिकिटावर मित्राच्या आरक्षित डब्यात बसलात तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड. "साहेब, मित्राला सोडायला आलो" हे टीसीने रोज ऐकलेलं असतं. आणि ज्यांचे मित्र दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीने जातात त्यांनी लक्षात ठेवा, ती वर्ध्याला नाही, सेवाग्रामला थांबते. दोन वेगळी स्टेशनं आहेत.

कोकणातला_एकटा
गाडीत सांबार मिळतं का?

तर्री_जास्त
याला घेऊन जा गे मारबत.

खामलेकर
सोमवार, रात्री १०.०५

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफ करा. दिवाळीला तो आला होता. परवा गेला.

मी सांगितलं, स्टेशनवर येत नाही, गाडीत येतो. त्याला मस्करी वाटली. मी जनरलची दोन तिकिटं काढली. दोन, कारण बायकोने आठवडाभर आधीच वर्ध्याला फोन करून ठेवला होता, मला न विचारता. रेल्वेबाबूंच्या दंडाच्या भीतीने आम्ही त्याच्या एसीत गेलो नाही. मग तोच सीटखाली बॅग साखळीने बांधून प्लॅटफॉर्मवरून चालत आमच्या डब्यात आला.

दिवाळीनंतरची जनरल. एक पाय टेकायला जागा. बायकोला एका आजींनी सरकून बसवून घेतलं, आम्ही दोघं दाराजवळ. बुटीबोरीपर्यंत काही बोलताच आलं नाही, एका पोत्याला कोंबडी बांधलेली होती आणि ती त्याच्या बुटावर चोच मारत होती.

सिंदी गेल्यावर तो म्हणाला, "आईचा हयातीचा दाखला या वेळी मीच करून टाकला. जीवन प्रमाणचं ॲप आहे, फोनला चेहरा दाखवला की झालं. तुझी एक फेरी वाचली."

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. दर नोव्हेंबरात काकूंना स्कूटरवर मागे बसवून बँकेत न्यायचो. काम वीस मिनिटांचं. येताना त्या एका ठेल्यावर थांबवायच्या आणि दोन आलूबोंडे घ्यायला लावायच्या, एक मला, एक त्यांना. "घरी सांगू नको." घरी कोण होतं सांगायला? पण म्हणायच्या.

तो म्हणाला, "काय झालं बे?" मी म्हटलं काही नाही. मग सांगितलं. आणि पुढची दहा मिनिटं तो माझ्यावर ओरडत होता: आईला बीपी आहे, डॉक्टरने तळलेलं बंद केलंय, किती वर्षं चाललंय हे, तू दर वर्षी खाऊ घालतोस? सगळा डबा ऐकत होता. आजी म्हणाल्या, "खाऊ दे नं बाप्पा एखादा, वर्षातून एकदा तं खाते." त्यावर तो त्यांनाही समजावायला लागला. मग कधी तरी हसायला लागला. मला वाटतं १९९५नंतर आम्ही असे भांडलो नव्हतो.

वर्ध्याला गाडी थांबली तसा तो त्याच्या डब्याकडे पळत सुटला. टाटा वगैरे काही नाही. बायकोची मैत्रीण प्लॅटफॉर्मवर होती. दोघींनी एकमेकींचा हात धरला तो सोडेचनात, आणि माझ्याकडे बघायचं कोणाला सुचलं नाही. मी पुढच्या गाडीने एकटा परत आलो. बायको आज आली.

रेल्वेबाबू
परतीचं तिकीट काढलं होतं ना?

खामलेकर
काढलं होतं हो.

पुणेकर_नाइलाजाने
एकूण किती मिनिटं झाली ते सांगा.

खामलेकर
गाडीला उशीर झाला नाही. नाहीतर अजून झाली असती.

लेक_नागपूरची
तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. मी या वेळी नंदनवनला जाऊन आले. अकरा वर्षांनी. कुकर लावला होता तिने, शिट्ट्या मोजायचं दोघीही विसरलो. वरणाचा कोळसा झाला.

आत्याबाई
@खामलेकर, दाखल्याचं काम नाही म्हणून काकूंकडे गेला नाहीत की काय या नोव्हेंबरात?

खामलेकर
आज दुपारीच गेलो होतो. बँकेत काम नव्हतं, तरी स्कूटर काढली. दोन आलूबोंडे. कोणी त्याला सांगू नका, तो असल्या साइटी वाचत नाही.

ठाण्याचा_पोट्टा (नवीन सदस्य)
वाचून राहिलो बे.